टेट, टीईटी, टाचण, निरंक... शाळेतली ही भाषा कुणी समजावून सांगेल का?

वीजबिल
नमस्कार मंडळी. बायको गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. ती नंदुरबार जिल्ह्यात, मी पुण्यात. रोज रात्री साडेनऊला फोन. परवा तिने एका दमात जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो:

"आज केंद्राची शिक्षण परिषद होती, केंद्रप्रमुखांनी सगळ्यांसमोर टाचण मागितलं, पॅटचे गुण भरायचे राहिलेत, यूडायसला एका पोराचं आधार मिसमॅच दाखवतंय, त्यात आमच्या बाई संचमान्यतेत अतिरिक्त ठरल्या तर समायोजनात कुठे फेकल्या जातील देव जाणे, आणि उद्या बीआरसीला निरंक द्यायचाय."

मी म्हणालो, "बरं. जेवलीस का?"

तिने फोन ठेवला.

मला खरंच समजून घ्यायचंय. अजून एक घोळ. तिने टीईटी पण दिली होती आणि टेट पण. मला वाटलं एकच परीक्षा दोनदा दिली. आईने तर नात्यात चार घरी सांगून टाकलं की सून पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्या वेळी निघाली. ते बायकोच्या कानावर गेलंय. तेव्हा जरा लवकर सांगा.

चहाबाज
तुमचा संसार निरंक व्हायच्या आत कुणीतरी सांगा रे यांना.

मधलीसुट्टी
वीजबिल दादा, आधी आईंना त्या चार घरी परत फोन करायला लावा, कारण वहिनी दोन वेगळ्या परीक्षा पास होऊन आल्यात.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायदा आला, त्यानंतर २०१० साली एनसीटीईने (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने) ही अट घातली, आणि आपल्याकडे पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० गुण, खुल्या गटाला ९० लागतात. पास झालात म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. नोकरीसाठी अर्ज करता येतो, एवढंच. केंद्राची सीटीईटी वेगळी, पण तीही चालते.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. इथे पास-नापास नसतं, फक्त गुण. भरती त्या गुणांवर होते. ही परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. मधली पाच-सहा वर्षं आमच्या बॅचने कशी काढली ते विचारू नका. मी एका झेरॉक्सच्या दुकानात होते.

टेटचे गुण पवित्र पोर्टलवर जातात, तिथे प्राधान्यक्रम भरायचा, मग यादी लागते. आता गंमत अशी की बोलताना अर्धा महाराष्ट्र टीईटीलाही टेटच म्हणतो. त्यामुळे "टेट निघाली का?" असं कुणी विचारलं की आधी "कुठली?" विचारायचं.

रिकामा_बाक
पवित्र, सरल, दीक्षा, निष्ठा, निपुण. पोर्टलांची आणि योजनांची नावं वाचून मठात प्रवेश घेतल्यासारखं वाटतं.

मधलीसुट्टी
@रिकामा_बाक, आणि ही सगळी इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत! पवित्र म्हणजे 'पोर्टल फॉर व्हिजिबल टू ऑल टीचर रिक्रूटमेंट'. या वाक्यात व्याकरण शोधायचं नाही. आधी 'पवित्र' ठरलं असणार, मग शब्द कोंबले.

निवृत्तगुरुजी
मी १९८७ ला लागलो, २०२२ ला सुटलो. आमच्या वेळी शब्द कमी होते पण होतेच. माझे वडील सातवीची फायनल होऊन मास्तर झाले. त्यांच्या काळात शिक्षक दोन प्रकारचे, ट्रेंड आणि अनट्रेंड. अनट्रेंड मास्तर नोकरीत असतानाच ट्रेनिंग कॉलेजला जाऊन यायचा. त्याहून जुना शब्द नॉर्मल स्कूल. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात तो भेटतो. शिक्षक घडवणारी शाळा, एवढाच त्याचा अर्थ. मूळ फ्रेंच, नॉर्म म्हणजे प्रमाण, त्यावरून.

मी डी.एड. त्याचं पुढे डी.टी.एड. झालं, आता डी.एल.एड. आहे. पाटी बदलली, इमारत तीच, गळती तीच.

नव्वदच्या दशकात 'किमान अध्ययन क्षमता' आल्या. आम्ही रात्र रात्र जागून प्रत्येक पोराच्या नावापुढे क्षमतांचे रकाने भरले. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात 'आकारिक' आणि 'संकलित'. नंतर ज्ञानरचनावाद आला, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं हा विचार, तेव्हा वर्गातल्या फरशीवर ऑइलपेंटने आकडे आणि गोल रंगवले, गुडघे फुटले. मग 'अध्ययन निष्पत्ती', म्हणजे शिकून मुलाला काय आलं पाहिजे ते. निवृत्त होता होता निपुण, म्हणजे वाचन आणि आकडेमोड पक्की करायचं अभियान. मी तिसरीच्या पोराला हातच्याची वजाबाकी १९८७ लाही काड्यांच्या गठ्ठ्याने शिकवली आणि २०२२ लाही काड्यांच्या गठ्ठ्यानेच. दरम्यान त्या गठ्ठ्याची चार-पाच बारशी झाली.

फळापुसणं
गुरुजी, आदर आहे, पण इथे थोडं असहमत. शब्द नुसते बदलले नाहीत. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात शिकवता शिकवता केलेली पारख: तोंडी काम, प्रात्यक्षिक, गृहपाठ, छोटी चाचणी. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचा पेपर. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, पेपरला बसली की हात कापतो, पण बाजारात आजीबरोबर भाजी विकते आणि पावणेदोन किलोचा हिशोब तोंडी सांगते. जुन्या पद्धतीत ती नापासच होती. आकारिक नोंदीत तिचं गणित दिसतं. शब्द चांगला होता. त्याचा रकाना झाला, तिथे वाट लागली.

निवृत्तगुरुजी
मान्य. त्या मुलीची नोंद तुम्ही तशी लिहिता हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे बाजारात 'वर्णनात्मक नोंदी' नावाचं तयार पुस्तक मिळायचं. पन्नास पोरं, पन्नास वाक्यं, अनुक्रमाने उतरवायची. एका पोराच्या नोंदीत 'संगीतात विशेष रुची' लिहून आलो होतो. तो मुका होता. मुख्याध्यापकांनी सही केली, वरच्या साहेबांनीही केली.

चहाबाज
गुरुजी, हे वाचून हसावं की काय करावं कळत नाहीये.

आडनाव_नको
बी.एड.च्या शब्दांचं कुणी बोललंच नाही. सूक्ष्म पाठ! ही पद्धत मूळ अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची, १९६० च्या दशकातली. आपल्याकडे तिचं चक्र ३६ मिनिटांचं: सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. फलक लेखन, चेतक बदल (शिकवताना आवाज, हावभाव बदलत राहणं), प्रबलन, सज्जता प्रवर्तन. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र, त्यातले दोन लग्न झालेले.

माझा प्रबलन कौशल्याचा पाठ होता. प्रबलन म्हणजे उत्तर देणाऱ्याला प्रोत्साहन. निरीक्षक तक्त्यावर 'शाब्बास'च्या रेघा मारत बसलेले. रेघा जास्त तर गुण जास्त. मी सहा मिनिटांत चौदा वेळा शाब्बास म्हणालो. त्यातलं एक खिडकी लावणाऱ्या शिपाईमामांना गेलं.

सज्जता प्रवर्तन म्हणजे पाठाकडे मुलांचं मन वळवणं, आणि शेवटी पाठाचं नाव त्यांच्याच तोंडून काढून घेणं. खऱ्या शाळेतला माझा पहिला सराव पाठ, विषय 'पानाची रचना'. मी विचारलं, "मुलांनो, झाडाला हिरवं हिरवं काय असतं?" अपेक्षित उत्तर पान. पोरगं म्हणालं, "कैऱ्या." दुसरं म्हणालं, "पोपट." तिसऱ्याने सरडा काढला. मागे मॅडम वहीत लिहितायत. शेवटी मीच म्हणालो, "तर आज आपण पानाची रचना अभ्यासणार आहोत." याला म्हणायचं हेतुकथन.

पाटीपेन्सिल
सरडा!! ऑफिसात मोठ्याने हसले.

आमच्या कॉलेजात (नाव घेत नाही) सूक्ष्म पाठ झालेच नाहीत. फाइल मात्र झाली. सीनियरची फाइल उतरवून काढली, तिने तिच्या सीनियरची उतरवली होती. बी.एड. दोन वर्षांचं झालं २०१५ पासून, त्यात आंतरवासिता मोठी आली, म्हणजे शाळेत जाऊन राहायचं, शिकवायचं. ती मात्र खरी झाली, कारण त्या शाळेत शिक्षकच कमी होते. आठवीचा वर्ग पूर्ण माझ्या गळ्यात. शिकवायला मी तिथेच शिकले.

लेस्टरवाली
मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत टीए आहे, म्हणजे टीचिंग असिस्टंट. इकडेही आद्याक्षरांचा असाच पाऊस. शिक्षक व्हायला क्यूटीएस हवं, म्हणजे शिक्षकाची अधिकृत पात्रता. नवा शिक्षक म्हणजे ईसीटी, २०२१ पासून त्याची उमेदवारी दोन वर्षांची. आधी एनक्यूटी म्हणत, तेव्हा एकच वर्ष होतं. विशेष गरजांच्या मुलांचं बघते ती सेन्को. मी पहिल्या आठवड्यात सेन्को हे बाईंचं आडनाव समजत होते.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे वर्षात पाच दिवस, त्यांना इन्सेट डे म्हणतात. मुलांना सुट्टी. जुने लोक अजून 'बेकर डे' म्हणतात, ते दिवस आणणाऱ्या शिक्षणमंत्र्याच्या नावावरून. पालक त्या दिवशी काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

एक फरक सांगते. ईसीटीला इकडे पूर्ण पगार मिळतो आणि तास कमी असतात, शिवाय पहिल्या वर्षी दर आठवड्याला मार्गदर्शक भेटतो. आपल्या शिक्षणसेवकाचं काय?

हंगामी
ताई, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. शिक्षणसेवक योजना २००० साली आली. तीन वर्षं मानधनावर, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला सुरुवातीला महिना ३,००० रुपये होते, पुढे ६,००० झाले, आणि तिथेच वर्षानुवर्षं अडकले. २०२३ पासून १६,०००. माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयात २०,०००. मी सहा हजारात गडचिरोलीत तीन वर्षं काढली. खोलीभाडं, डबा आणि मोटरसायकलचं पेट्रोल यातलं एक दर महिन्याला उधार. तास पूर्ण, वर्ग दोन, मार्गदर्शक शून्य. 'सेवक' हा शब्द अगदी विचार करून ठेवलाय.

फळापुसणं
सेवक शब्दात वाईट काय? लोकसेवक असतोच की.

हंगामी
लोकसेवकाला पूर्ण पगार असतो सर.

मुख्य_बिनपगारी
मुख्याध्यापक आहे, म्हणजे शिक्षकच, वर चाव्या. संचमान्यता मी सांगतो, कारण वीजबिल यांच्या वाक्यातला तोच सगळ्यात जड शब्द आहे.

शाळेला शिक्षक किती मंजूर, हे दरवर्षी पटावरून ठरतं. त्या कागदाला संचमान्यता म्हणायचं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने साठाचा एकसष्ट झाला की एक माणूस वाढतो आणि एकसष्टाचा साठ झाला की एक माणूस 'अतिरिक्त' होतो. अतिरिक्त झालेल्याला जिथे जागा रिकामी तिथे पाठवायचं, हे समायोजन. वीस वर्षं एका गावात राहिलेल्या बाई एका कागदाने चाळीस किलोमीटरवर जातात.

पट मोजायचा तो ३० सप्टेंबरचा. आणि आता नुसतं मूल वर्गात बसून भागत नाही, त्याचं आधार जुळलं पाहिजे. माझ्याकडे एका वर्षी बरोबर ६१ मुलं होती. एकसष्टावा पोरगा रोज येणारा, खिचडीला पहिला. शाळेच्या दाखल्यावर ऋषिकेश, आधारवर रुषीकेष. बाप ट्रकवर क्लीनर, हैदराबादकडे. मी पोराला आणि आजीला गाडीवर बसवून तालुक्याला आधार केंद्रावर नेलं. बायोमेट्रिक घेईना, कारण पोराच्या बोटांना आदल्या दिवशी फणसाचा चीक लागला होता. दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेला झालं, पण तोवर तारीख गेली. शिक्षक गेला. ऋषिकेश अजून आहे, आता शुद्धलेखनात चांगला आहे.

तेव्हा वहिनी जेव्हा 'एका पोराचं आधार मिसमॅच' म्हणाल्या आणि त्याच दमात 'बाई अतिरिक्त' म्हणाल्या, ते दोन विषय नव्हते. एकच होता.

वीजबिल
सर, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी त्या वाक्यावर "आधार काय, सायबर कॅफेत होतं की" असं म्हणालो होतो. आता कळलं फोन का ठेवला.

निवृत्तगुरुजी
सर, टोपी काढली तुम्हाला.

दुपारपाळी
कुणी १ सप्टेंबर २०२५ च्या निकालावर बोलणार आहे की नाही? माझं वय ४९. नोकरी २००१ पासून, तेव्हा टीईटी नावाचा प्राणी जन्मालाही आला नव्हता. आता सर्वोच्च न्यायालय म्हणतं, आधी लागलेल्यांनीही दोन वर्षांत टीईटी काढा. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलीत त्यांना सूट, पण बढती हवी तर त्यांनाही द्यावीच लागणार. माझ्या हाताखालून गेलेली पोरं टीईटी पास होऊन माझ्याच शाळेत आलीत आणि आता माझीच उजळणी घेतात. बालमानसशास्त्राचा प्रश्न चुकला की म्हणतात, "बाई, पुन्हा एकदा बघू."

आडनाव_नको
बाई, राग मानू नका, पण पालक म्हणून विचारतो. पात्रता सगळ्यांना सारखी असू नये का? माझ्या मुलाला कुणी शिकवायचं यात मुलाचा हक्क पहिला.

दुपारपाळी
मुलाचा हक्क पहिलाच. मग चोवीस वर्षं मुलं शिकली ती काय अपात्र हातांनी? शिकवणं तपासायचं तर वर्गात येऊन बसा, पाठ निरीक्षण करा, मी दार उघडं ठेवते. चार पर्यायांत गोल काळा करून ते कळणार असेल तर कठीण आहे.

मधलीसुट्टी
दोघांचंही थोडं पटतं. बाई, पेपर १ ची माझी टिपणं आहेत, व्यक्तिगत संदेशात पाठवते. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या वाढीच्या अवस्था मी गाण्यात बसवल्यात.

दुपारपाळी
पाठव गं. चाल कुठली?

मधलीसुट्टी
आरतीची. परीक्षागृहात तोंड हलायला लागलं की पर्यवेक्षक जवळ येतात, तेवढं सांभाळा.

रिकामा_बाक
प्रशिक्षणाचं राहिलंच. राज्याला काही जणांना शिकवतात, ते जिल्ह्याला येऊन शिकवतात, ते तालुक्याला, ते केंद्राला. वर पाच दिवसांचं असतं, खाली पोचेपर्यंत दीड दिवसाचं होतं, आणि आमच्या वाट्याला पीपीटी, पुलाव आणि उपस्थितीपत्रक. शिकवणाऱ्याला 'सुलभक' म्हणायचं. आमचे एक सुलभक पहिल्याच वाक्यात म्हणाले, "मलाही हे परवाच कळलंय, सांभाळून घ्या." त्यांचं सत्र सगळ्यात चांगलं झालं.

आणि नोकरीला बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस झाली की निवड श्रेणी. दोन्हींसाठी प्रशिक्षण आवश्यक. त्याचं शुल्क दोन हजार रुपये आपणच भरायचं. निवड श्रेणी तर वीस टक्के पदांनाच. बाकीच्यांची निवड झाली नाही, असं समजायचं.

कोसबाडकर
मला एक वेगळंच सुचतंय. बालवाडी हा शब्द बघा. ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला काम सुरू केलं तेव्हाचा. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, त्यातून अंगणवाडी. अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांच्या मागे कुरणात जाऊन शिकवलं, ती कुरणशाळा. हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. कारण ते आधी घडले, मग त्यांना नाव मिळालं. 'सज्जता प्रवर्तन' आधी इंग्रजीत घडलं, मग कुणीतरी टेबलावर बसून मराठी केलं.

आडनाव_नको
अगदी. सज्जता प्रवर्तनाऐवजी 'गोडी लावणे' म्हटलं असतं तर मी सरड्यापर्यंत गेलो नसतो.

पाटीपेन्सिल
पण मग उलटही आहे. 'टाचण' किती छान शब्द आहे, आपला, छोटा. तरी वहिनींना तो ऐकून घाम फुटतोच.

वीजबिल दादा, टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार त्याची आदल्या दिवशी लिहायची नोंद. तारीख, तास, विषय, घटक, अध्ययन निष्पत्ती, साहित्य, काय काय करून घेणार ते. चांगलं टाचण चार ओळींचं असतं आणि ते खरंच उपयोगी पडतं. पण तपासणाऱ्याला पानभर लागतं. चार वर्ग एकत्र शिकवणाऱ्या बाईला रोज चार पानं. वहिनी नंदुरबारहून रात्री साडेनऊला फोन करतात म्हणजे साडेनऊपर्यंत तेच लिहीत असणार.

वीजबिल
हो, मागून पान उलटल्याचा आवाज येतो. मला वाटायचं पुस्तक वाचतेय.

बरं, केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांच्या गटावरचे साहेब आणि बीआरसी म्हणजे तालुक्याचं गटसाधन केंद्र, एवढं मी शोधलं. यूडायस म्हणजे शाळेची देशपातळीवरची माहिती आणि पॅट म्हणजे मुलांची नियतकालिक मूल्यांकन चाचणी, हेही. पण 'निरंक' कुणीच सांगितलं नाही. सगळे त्यावर विनोद करून मोकळे झाले.

मुख्य_बिनपगारी
अहो, वरून पत्र येतं: "आपल्या शाळेत अमुक प्रकारचे विद्यार्थी किती, माहिती आज सायंकाळी ५ पर्यंत सादर करावी." पत्र येतं चार वाजून चाळीस मिनिटांनी. तसं एकही मूल नसेल तरी गप्प बसून चालत नाही. नसल्याचंही लेखी द्यावं लागतं. तोच निरंक. निर् अधिक अंक, आकडा नाही. आमच्या शाळेत एकही हत्ती नाही हे सहीशिक्क्यानिशी कळवायचं, एवढंच.

चहाबाज
म्हणजे पहिल्याच प्रतिसादात मी बरोबर वापरला होता. मला नेमणूकपत्र द्या.

वीजबिल
(हे त्यांच्या आयडीवरून मी लिहितेय, मी म्हणजे ती बायको. शनिवारी आलेय पुण्याला, लॅपटॉप उघडाच होता.)

सगळ्यांना नमस्कार. मुख्याध्यापक सर, तुमचा ऋषिकेश वाचून रडले. आमच्या पोराचं नाव आधारवर जुळलं मंगळवारी, बाई सध्या तरी आमच्याकडेच आहेत. मधलीसुट्टी ताई, ती आरती मलाही पाठवा. पाटीपेन्सिल ताई, आमच्याकडे चार वर्ग नाहीत, दोनच आहेत, त्यामुळे दोनच पानं.

सासूबाईंनी चारपैकी तीन घरी फोन करून खुलासा केलाय. चौथं घर राहिलंय. त्याचा अहवाल ह्यांनी उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सादर करावा. निरंक चालणार नाही.